मानवशास्त्राचा वनवास आणि मराठी विभागांतील ‘लोक’

१

मराठीच्या पदव्युत्तर वर्गातील ‘लोकसाहित्य’ ही अभ्यासपत्रिका शिकवणाऱ्याला आणि शिकणाऱ्याला सारखीच सोयीची असते. लोकसाहित्याच्या व्याख्या, ‘लोक’ या शब्दाचे अर्थ, लोकगीते, लोककथा, उखाणे, म्हणी, विधिनाट्ये असे प्रकार आणि अखेरीस ‘लोकसाहित्य व अन्य ज्ञानशाखा’ या नावाचे एक प्रकरण, असा तिचा बहुतेक ठिकाणी साचा ठरून गेला आहे. या शेवटच्या प्रकरणात मानवशास्त्राच्या वाट्याला एखादा परिच्छेद येतो. विद्यार्थी तो पाठ करतो, परीक्षेत त्यावर टीप लिहितो आणि मोकळा होतो. मानवशास्त्राशी आलेला त्याचा हा पहिला आणि बहुधा अखेरचा संबंध.

दुसऱ्या बाजूचे चित्र याहून समाधानकारक नाही. महाराष्ट्रात मानवशास्त्राचे स्वतंत्र विभाग मोजकेच. तेथे हा विषय प्रामुख्याने इंग्रजीतून शिकवला जातो, आणि बाहेर या विषयाची जी काही ओळख आहे ती बरीचशी केंद्रीय लोकसेवा परीक्षेतील एक ‘वैकल्पिक विषय’ म्हणून आहे. ट्रोब्रियांड बेटांवरील देवघेवीची व्यवस्था मुखोद्गत असणाऱ्या विद्यार्थ्याने जात्यावरची ओवी, गोंधळ किंवा जागरण यांचा पाठ कधी अभ्यासलेला नसतो. अभ्यासायला हवा, असे त्याला कोणी सांगितलेलेही नसते.

या दोन अज्ञानांना आपण ‘विषयांची स्वायत्तता’ असे भारदस्त नाव दिले आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : मराठीतील विचारव्यवहार आणि मानवशास्त्र यांची एकेकाळी असलेली सोयरीक विद्यापीठीय विभागणीने मोडली; तिच्यामुळे मानवशास्त्राने भाषा गमावली आणि मराठी विभागांनी पद्धती गमावली. या मोडलेल्या सोयरिकीची किंमत प्राध्यापकांना मोजावी लागत नाही. ज्यांच्या गीतांवर, विधींवर आणि जगण्यावर या दोन्ही विषयांचे पोट भरते, त्या समूहांतून आलेले विद्यार्थी ती मोजतात.

२

ही सोयरीक काल्पनिक नाही. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जातिसंस्थेच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ १९०९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. तो त्यांच्या कॉर्नेल विद्यापीठातील अभ्यासातून सिद्ध झाला होता. हेच केतकर पुढे ज्ञानकोशकार झाले, ‘ब्राह्मणकन्या’सारख्या कादंबऱ्यांचे लेखक झाले. मराठी विभागांत केतकर शिकवले जातात ते कादंबरीकार म्हणून. त्यांच्या कादंबऱ्या ‘कलादृष्ट्या सदोष पण विचारप्रवर्तक’ असल्याचा शेरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तो विचार कोणत्या ज्ञानशाखेतून आला, हे मात्र विचारण्याचा प्रघात नाही.

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात भीमराव रामजी आंबेडकर या पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास यांवर निबंध वाचला. पुढील वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. या निबंधात सेनार, नेसफील्ड, रिस्ले यांच्या व्याख्या तपासल्या आहेत आणि केतकरांचीही. केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणे, म्हणजे जातीबाहेरच्या विवाहाला बंदी आणि जन्मानेच मिळणारे सदस्यत्व, ही एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, असा आंबेडकरांचा आक्षेप आहे. अंतर्विवाह हेच जातीचे मर्म होय आणि सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या चाली तो अंतर्विवाह टिकवण्याचे उपाय होत, अशी त्यांची मांडणी आहे. हा वाद न्यूयॉर्कमध्ये इंग्रजीत झाला, तरी वादी आणि प्रतिवादी दोघेही मराठी होते. आधुनिक मराठी विचाराच्या इतिहासातील हे एक प्रकरण आहे. ते आपल्या कोणत्या अभ्यासपत्रिकेत येते? दलित साहित्याच्या पत्रिकेत आंबेडकर येतात ते ‘प्रेरणा’ म्हणून. प्रेरणा म्हटले की सिद्धान्त वाचण्याचे कष्ट वाचतात.

गोविंद सदाशिव घुर्ये मालवणचे. मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्र विभागाची धुरा त्यांनी १९२४ साली घेतली. इरावती कर्वे आणि दुर्गा भागवत या दोघी त्यांच्या विद्यार्थिनी. कर्वे १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. भारतातील नातेसंस्थेवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ चा. भागवतांची ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ १९५६ ची. आणि विद्यापीठाच्या भिंतींबाहेर पाहिले, तर त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गांव-गाडा’ १९१५ चा व ना. गो. चापेकरांचा ‘बदलापूर’ १९३३ चा. एका गावाचा सर्वांगीण अभ्यास भारतीय मानवशास्त्रात स्वातंत्र्यानंतर प्रतिष्ठित झाला. चापेकरांनी तो मराठीत, कोणत्याही विभागाच्या अनुदानाविना, त्याच्या कितीतरी आधी केला होता.

मग विभागणी कशी झाली ते पाहा. कर्वे यांचा पंढरीच्या वारीवरील ‘वाटचाल’ हा लेख मराठीत ‘परिपूर्ती’ या १९४९ च्या संग्रहात आहे. मराठीचा अध्यापक तो ललित निबंध म्हणून शिकवतो. त्यातील ‘हळुवार आत्मनिष्ठा’ दाखवतो. याच लेखनाचे इंग्रजी रूप १९६२ साली ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’मध्ये आले आणि जगभरच्या अभ्यासकांनी ते तीर्थयात्रेवरील संशोधन म्हणून वाचले. लेखिका एक, अनुभव एक, निरीक्षणही एक. एका वाटेने एकच नाम घेत चालणारे वारकरी जेवायला बसताना जातीजातींनी वेगळे होतात, ही त्या लेखातील दुखरी जागा आहे. आपल्याकडे ती लेखिकेच्या संवेदनशीलतेचा पुरावा ठरते, तेथे ती समाजरचनेविषयीचे विधान ठरते. मराठीत लिहिले की ‘ललित’ आणि इंग्रजीत लिहिले की ‘शास्त्र’, ही वाटणी कर्वे यांनी केलेली नाही. ती आपण केली आणि तिला साहित्यप्रकारांची शिस्त म्हटले.

३

विषयाच्या नावापासूनच या दुराव्याची खूण पटते. मराठीत आजही ‘मानववंशशास्त्र’ हा शब्द सर्रास वापरला जातो. शब्दाची चर्चा हा मराठी विभागांचा हक्काचा प्रांत. तरी या शब्दात ‘वंश’ कोठून आला आणि तो अद्याप का टिकला, याची चिकित्सा आपण केलेली नाही. माणसांच्या वंशांची वर्गवारी करणारे शास्त्र अशी या विषयाची एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या आरंभी एक ओळख होती, हे खरे. नाकांची मापे घेऊन जातींची उतरंड लावू पाहणारा रिस्ले हा त्याच ओळखीचा प्रतिनिधी.

परंतु ही ओळख आतून पोखरण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत आपली माणसे होती. रंगाचा पूर्वग्रह घेऊनच वाढलेल्या युरोपीय अभ्यासकांनी जातीच्या प्रश्नात रंगाला अवाजवी महत्त्व दिले, असे आंबेडकर १९१६ सालच्या त्या निबंधात बजावतात. इरावती कर्वे यांनी १९२८ ते १९३० या काळात बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली मानवी कवट्यांच्या असममितीवर संशोधन केले. फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराचे मोठे नाव. पुढे नात्सी राजवटीला त्यांची विद्या उपयोगी पडली. कर्वे यांची मापने मात्र त्यांना हवे होते ते बोलली नाहीत. कवटीची असममिती आणि वंश यांचा संबंध दाखवता येत नाही, हा निष्कर्ष त्या तरुण मुलीने मार्गदर्शकाच्या पुढ्यात ठेवला. कर्वे पुढेही महाराष्ट्रातील जातींची शारीरिक मापने घेत राहिल्या आणि त्या कामाची चिकित्सा झाली पाहिजे, हे मान्य. पण चिकित्सा करायची तर ते काम वाचावे लागेल. आपण ‘युगान्त’ वाचतो, तिच्यातील व्यक्तिचित्रणावर प्रबंध लिहितो. महाभारताकडे नातेसंबंधांची आणि कुळांची गुंतागुंत म्हणून पाहणारी ही नजर कोणत्या शास्त्रात तयार झाली, हा प्रश्न त्या प्रबंधांच्या बाहेर राहतो.

म्हणून मी येथे ‘मानवशास्त्र’ हाच शब्द वापरला आहे. ज्या शास्त्राने वंशाची कल्पनाच प्रश्नांकित केली, त्याला वंशाचेच नाव चिकटवून ठेवणे ही भाषिक निष्काळजी आहे. आणि ती भाषेच्या अध्यापकांकडून व्हावी हे अधिक लाजिरवाणे.

४

येथे साहजिकच विचारले जाईल की मानवशास्त्र नसल्याने साहित्याच्या अभ्यासाचे नेमके अडते कोठे? उत्तर ओवीपासून देता येईल, कारण ओवी शिकवल्याशिवाय लोकसाहित्याची पत्रिका पुरी होत नाही.

जात्यावरच्या ओव्यांत भावाइतका ठळक पुरुष दुसरा क्वचितच असेल. आपल्या पाठ्यपुस्तकांतून याचे स्पष्टीकरण ठरलेले आहे : सासुरवाशिणीला माहेरची ओढ, बहीण-भावाचे निर्मळ प्रेम, स्त्रीमनाचा हळवा आविष्कार. हे खोटे नाही. पण ते अपुरे आहे आणि अपुरेपणाची त्याला जाणीव नाही. कर्वे यांनी नातेसंस्थेच्या दृष्टीने भारताचे जे विभाग पाडले, त्यात महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिण यांमधील संक्रमणाचा प्रदेश आहे. उत्तरेत आते-मामे भावंडांचा विवाह सामान्यतः निषिद्ध. दक्षिणेत तो इष्ट. महाराष्ट्रातील अनेक जातींत मुलाने मामाची मुलगी करावी, हा रिवाज मान्यता पावलेला. त्यामुळे ओवी गाणाऱ्या बाईचा भाऊ हा केवळ माहेरची आठवण नसतो. तो तिचा होऊ घातलेला व्याही असतो. त्याची लेक ही तिची भाची आणि उद्याची सून. भावजय ही या व्यवहारातील दुसरी पक्षकार. भाची सून म्हणून मागणे, भावाने शब्द देणे वा न देणे, भावजयीने मोडता घालणे, साडीचोळीचा मान राखला जाणे किंवा न जाणे या सगळ्यांतून ओवीचे एक वेगळेच राजकारण उलगडू लागते. मग जिला आपण हळवी समजत होतो ती बाई आपला हक्क सांगताना, टोमणा मारताना, करार करताना ऐकू येते. काव्य यामुळे उणावते काय? उलट, शब्दांची धार प्रथमच कळते.

मानवशास्त्राच्या वर्गातील गंमत याच्या उलट टोकाची आहे. चुलतभाऊ, मावसभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ ही चार नाती मराठी मूल बोलायला शिकताना शिकते. इंग्रजीला या चारांसाठी ‘कझिन’ हा एकच शब्द. तो अपुरा पडू लागल्यामुळे मानवशास्त्रज्ञांना ‘क्रॉस-कझिन’ ही संज्ञा घडवावी लागली. टायलर यांच्या १८८९ च्या निबंधात ती आढळते. आते-मामे भावंडे एकीकडे आणि चुलत-मावस भावंडे दुसरीकडे, हा भेद मराठी विद्यार्थ्याच्या जिभेवर असतो. तरी वर्गात बसून तो प्रथम ‘कझिन’ म्हणायला शिकतो, म्हणजे आपले ज्ञान विसरतो, आणि नंतर आकृत्यांच्या साहाय्याने ‘क्रॉस-कझिन’ पाठ करतो, म्हणजे विसरलेले ज्ञान परक्या नावाने विकत घेतो. मॅलिनोव्स्की यांनी १९२२ च्या आपल्या ग्रंथात क्षेत्राभ्यासकाला तेथील लोकांची भाषा आली पाहिजे, असा आग्रह धरला होता. आपल्या अभ्यासकाला ती जन्मतः येते, आणि आपण ती त्याच्याकडून काढून घेतो.

प्रॉपचेही असेच. त्याच्या १९२८ च्या ग्रंथातील एकतीस कार्ये मराठीच्या विद्यार्थ्याला तोंडपाठ असतात. कहाणी कोणतीही असो, तिच्यावर ती बसवली जातात. कहाणी कोणी, कोणाला, कोणत्या तिथीला, उपास सोडण्याआधी की नंतर सांगितली, ऐकणाऱ्यांत विधवा होत्या की नव्हत्या, हे विचारले जात नाही. संदर्भावाचून संहिता निर्जीव होते, हे मिथकांच्या संदर्भात मॅलिनोव्स्की १९२६ साली सांगून चुकले होते. आपण लोकसाहित्याच्या शवागाराला संग्रहालय म्हणत आलो.

५

आता ‘लोक’ या शब्दाकडे येऊ, कारण खरा प्रश्न तेथे आहे.

कोकणातील लोकसमजुतींवरचे एन्थोव्हेन यांचे इंग्रजी पुस्तक १९१५ साली प्रसिद्ध झाले. त्याची सामग्री नाशिकचे जिल्हाधिकारी जॅक्सन यांनी गोळा केली होती. १९०९ साली त्यांची हत्या झाल्यावर ती एन्थोव्हेन यांच्याकडे आली. ही सामग्री लिहून दिली होती गावोगावच्या शाळामास्तरांनी. पुस्तकाच्या तळटीपांत त्यांची ओळख त्यांच्या पदाने आणि गावाने होते : अमक्या गावचे मास्तर. माहिती मास्तरांची, ग्रंथ साहेबांचा. वसाहतकाळातील ज्ञानव्यवहाराचे हे चोख उदाहरण आहे.

साहेब गेले, पण हा व्यवहार गेला नाही. साहेबांच्या जागी प्राध्यापक आले आणि मास्तरांच्या जागी विद्यार्थी. काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठात पीएच. डी. च्या मौखिक परीक्षेला उपस्थित राहण्याचा योग आला. उमेदवार एका भटक्या जमातीतील, विषय त्या जमातीची गीते. प्रबंधातील बहुतेक गीतांखाली ‘एक वयस्क निवेदिका’ एवढीच नोंद होती. विचारता विचारता कळले की ही निवेदिका उमेदवाराची आई. ‘वस्तुनिष्ठता’ राहावी म्हणून हे नाते लिहू नये, असा सल्ला त्याला मिळाला होता. परीक्षकांनी ‘दुर्मीळ सामग्री’बद्दल त्याचे कौतुक केले, सिद्धान्ताचे प्रकरण चार पाठ्यपुस्तकांतून उतरवलेले होते, त्याबद्दल कोणी ब्र काढला नाही. त्याच्याकडून सामग्री अपेक्षित होती, सिद्धान्त नव्हे. आईचे नाव पुसून मुलाला पदवी देणारी ही पद्धत मानवशास्त्राच्या कोणत्याही बऱ्या अभ्यासक्रमात पहिल्याच सत्रात बाद झाली असती. संशोधकाचे आपल्या क्षेत्राशी असलेले नाते लपवायचे नसते, ते तपासायचे असते, हे त्या शास्त्राने स्वतःच्या चुकांतून शिकलेले प्राथमिक सूत्र आहे.

वेगळे काही करता येते, याचा पुरावाही महाराष्ट्रातच आहे. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने पुण्यातील सहकाऱ्यांनी आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ त्या प्रसिद्ध करीत आली आहे. या संग्रहात ओवीसोबत गाणारणीचे नाव आणि गाव येते. ‘अज्ञात लोकप्रतिभा’ या आपल्या लाडक्या कल्पनेला यापेक्षा सडेतोड उत्तर नाही. ती प्रतिभा अज्ञात नव्हती. आपण तिचे नाव विचारले नव्हते. हे काम मराठी विभागांत उभे राहिले नाही, आणि आता ते उपलब्ध असूनही आपल्या अभ्यासपत्रिकांत त्याची जागा शोधावी लागते. ग्युंथर झोंथायमर यांनी धनगरांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, बिरोबा-म्हसकोबा-खंडोबावरील त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ साली आला. रा. चिं. ढेरे यांनी याच प्रदेशाचा शोध ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) मध्ये मराठीतून घेतला. दोघांचेही नाव आपण आदराने घेतो आणि दोघांचीही पद्धती शिकवत नाही.

दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांचे काय झाले? ‘बलुतं’ १९७८ साली, ‘उपरा’ १९८० साली, ‘उचल्या’ १९८७ साली आले. समीक्षेने त्यांचे स्वागत ‘अनुभवाचे अस्सल दस्तऐवज’ म्हणून केले. दस्तऐवज म्हटल्याने त्यांतील कलेची चिकित्सा टळली आणि अनुभव म्हटल्याने त्यांतील विश्लेषणाची. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि १९५२ साली ज्यांच्यावरून तो शिक्का कागदोपत्री उठला, त्यांच्यातील एक माणूस लेखणी घेऊन जातपंचायत, विवाह, पोलीस आणि भूक यांचे परस्परसंबंध मांडतो, तेव्हा तो आपल्या समाजाचा वृत्तान्तकारही असतो आणि भाष्यकारही. मानवशास्त्रज्ञांनी जे काम बाहेरून केले ते येथे आतून झाले आहे. या दोन दृष्टींची तुलना हा पदव्युत्तर अभ्यासाचा केवढा समृद्ध विषय! आपण विद्यार्थ्याला विचारतो : ‘उपरा’तील व्यथा स्पष्ट करा.

६

या मांडणीवर काही आक्षेप येतील. त्यांतील तीन विचारात घेण्याजोगे आहेत.

पहिला आक्षेप साहित्याच्या स्वायत्ततेचा. साहित्यकृतीला समाजशास्त्रीय माहितीचा साठा समजणे हे तिचे अवमूल्यन होय, असे म्हटले जाईल. मी वर ओवीविषयी जे लिहिले, तेच याचे उत्तर. मानवशास्त्र येथे अर्थाची जागा घेत नाही, अर्थापर्यंत जाण्याची वाट दाखवते. शिवाय स्वायत्ततेचा हा पहारा एकाच दारावर असतो. मानसशास्त्र, अस्तित्ववाद, शैलीविज्ञान यांना आपण बिनदिक्कत आत घेतले. आणि १९८६ साली क्लिफर्ड व मार्कस यांनी संपादित केलेल्या ग्रंथाने मानवशास्त्रीय लेखन हेही एक लेखन आहे, त्याला निवेदक, रूपके आणि कथनतंत्र असते, हा विचार ऐरणीवर आणला, तेव्हा ते शास्त्र साहित्यसमीक्षेच्या दारी आले होते. आपण दार उघडले नाही. आत कोणी जागे नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. मानवशास्त्र हे वसाहतवादाचे अपत्य आहे. रिस्ले आणि गुन्हेगार जमातींच्या याद्या करणारे अधिकारी हे त्याचे पूर्वज. मग त्याची भलामण कशासाठी? ही वंशावळ मी नाकारत नाही. पण एखादे शास्त्र न शिकल्याने त्याच्या दोषांपासून सुटका होते, हा भ्रम आहे. आपली लोकसाहित्याची पुस्तके उघडून पाहावीत. ‘आदिमानवाचे मन’, ‘यातुविद्या’, ‘रानटी अवस्था’, ‘समाजाची बाल्यावस्था’ हे शब्द तेथे आजही ठाण मांडून आहेत. हा १८९० च्या फ्रेझरचा संसार आहे, ज्यातून मानवशास्त्र केव्हाच बाहेर पडले. आदिवासी विद्यार्थी वर्गात बसलेला असताना आदिवासी समाज म्हणजे मानवजातीचे बालपण, असे मराठीतून शिकवले जाते, आणि वसाहतवादाला विरोध म्हणून आपण मानवशास्त्र दूर ठेवले आहे, अशी आपली समजूत असते! वसाहतवादी मानवशास्त्राचा जुना माल आपल्याकडे आहेच. नाही ती फक्त त्याची नंतरची आत्मटीका.

तिसरा आक्षेप देशीवादाच्या बाजूने येईल : पुन्हा परकीय सिद्धान्त कशाला? ज्यांना हा प्रश्न पडतो त्यांनी एवढे लक्षात घ्यावे की ‘नेटिव्हिझम’ची चर्चा राल्फ लिंटन या मानवशास्त्रज्ञाने १९४३ साली केली होती. संकटात सापडलेला समाज आपल्या संस्कृतीतील निवडक घटक जाणीवपूर्वक पुनरुज्जीवित करू पाहतो, असा तिचा आशय. ही ‘निवड’ कोण करतो आणि कोणाच्या वतीने, हा देशीवादाला विचारण्याचा सर्वांत अवघड प्रश्न आहे. देशीवादावर दशकानुदशके वाद झडले. त्यात हा प्रश्न मानवशास्त्राच्या अंगाने क्वचितच विचारला गेला. आणि परकीय तरी काय? आत्रे, चापेकर, केतकर, आंबेडकर, घुर्ये, कर्वे, भागवत ही नावे परकी वाटत असतील, तर देशी कोणाला म्हणायचे?

व्यवहाराच्या अडचणींचा मी मुद्दाम वेगळा विचार करतो, कारण त्या आक्षेप नसून वस्तुस्थिती आहेत. विभागांतील जागा रिकाम्या, तासिका तत्त्वावरचा अध्यापक चार महाविद्यालयांत धावतो, क्षेत्राभ्यासाला पैसा नाही. हे सारे खरे आहे आणि त्याचा दोष अध्यापकांवर टाकणे अन्यायाचे होईल. परंतु पाठ्यपुस्तकातील ‘आदिमानव’ हटवायला अनुदान लागत नाही. गाणारणीचे नाव लिहायला जागा मंजूर करून घ्यावी लागत नाही.

७

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून राज्यातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांत क्षेत्रीय प्रकल्प किंवा कार्यप्रशिक्षण यांसाठी श्रेयांक ठेवले गेले. त्यामुळे मराठीचे विद्यार्थीही ‘क्षेत्रा’वर जाऊ लागले. कोणत्या तयारीने? मुलाखत कशी घ्यावी, समोरच्याची संमती म्हणजे काय, ध्वनिमुद्रणाची मालकी कोणाची, जे सांगितले गेले नाही त्याची नोंद कशी ठेवावी, नोंदवहीत स्वतःचे स्थान कसे लिहावे, यांपैकी काहीही न शिकवता मुलांना गावात सोडणे म्हणजे नव्या नावाने जुन्या प्रश्नावल्या फिरवणे होय. संधी आली आहे, आणि ती संधी वाया घालवण्याची आपली परंपराही भक्कम आहे.

म्हणून काही मागण्या. लोकसाहित्याची पत्रिका जेथे शक्य आहे तेथे मराठी आणि मानवशास्त्र या विभागांनी मिळून शिकवावी; जेथे मानवशास्त्र विभाग नाही तेथे समाजशास्त्राच्या अध्यापकाला बोलवावे. ‘अन्य ज्ञानशाखा’ हे प्रकरण रद्द करून त्या जागी एक सत्र क्षेत्राभ्यासाच्या पद्धतीला द्यावे. ‘गांव-गाडा’, ‘बदलापूर’, कर्वे यांचे ‘वाटचाल’ आणि आंबेडकरांचा १९१६ चा निबंध ही दोन्ही विभागांची सामाईक वाचनयादी असावी. मानवशास्त्र विभागांनी मराठीतून लिहिलेल्या प्रबंधाला दुय्यम मानू नये. संज्ञा नाहीत, ही सबब आते-मामे जाणणाऱ्या भाषेपुढे टिकत नाही. आणि कोणत्याही प्रबंधात निवेदकाचे नाव, त्याची संमती व संशोधकाशी असलेले नाते यांची नोंद नसेल, तर तो परत पाठवावा. नाव उघड होण्यात धोका असेल तेथे ते न देण्याचे कारण लिहावे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यामुळे शिलालेखांना आणि ग्रंथांना चांगले दिवस यावेत, ही अपेक्षा रास्तच. पण भाषेचे वय सिद्ध करण्याच्या उत्साहात ती बोलणाऱ्या माणसांचा अभ्यास आपण दुसऱ्यांवर सोपवून मोकळे होत असू, तर तो गौरव अर्धाच राहील. मराठी विभागांत आज जे विद्यार्थी येतात, त्यांतले कितीतरी जण त्या ‘लोकां’मधून येतात, ज्यांच्याविषयी आपण ‘ते’ म्हणून बोलतो. वर्गात बसून ते आपल्याच आईविषयी तृतीयपुरुषी टिपा उतरवून घेत आहेत. त्यांना सामग्री पुरवणारे हात मानायचे की सिद्धान्त मांडणारे अभ्यासक, एवढाच हा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर पुढच्या अभ्यासमंडळाच्या बैठकीत द्यावे लागेल.